आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : ‘अभेद्य’ क्वांटम सुरक्षा आणि रोजची चोरी

जून २०२५ मध्ये दिल्लीहून एक वैज्ञानिक वार्ता आली. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली येथील संशोधकांनी संस्थेच्या आवारात एक किलोमीटरहून अधिक अंतरावर, मोकळ्या हवेतून, परस्परांशी गुंतलेल्या फोटॉनांच्या साह्याने गुप्त किल्ली पोहोचवून दाखविली. किल्ली तयार होण्याचा वेग सेकंदाला सुमारे २४० बिट होता आणि चुकांचे प्रमाण सात टक्क्यांहून कमी होते. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने लोकसभेत एक आकडा मांडला. २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले होते. आदल्या वर्षी हा आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता.

पहिल्या वार्तेसोबत ‘अभेद्य’, ‘हॅक न होणारी’ ही विशेषणे देशभर फिरली. दुसऱ्या वार्तेसोबत नेहमीचा उपदेश फिरला की ओटीपी कोणाला सांगू नका. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. संबंध जवळजवळ नाही, हेच त्याचे उत्तर आहे आणि तेच विद्यार्थ्यांनी व विज्ञानवाचकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. क्वांटम किल्लीवितरण हे उत्तम भौतिकशास्त्र आहे. ते देशाच्या दैनंदिन संगणक-सुरक्षेवरचे औषध म्हणून विकले जाते, तेव्हा मात्र विज्ञान आणि सुरक्षा या दोहोंचेही नुकसान होते.

प्रथम, या पद्धतीचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार्ड यांनी ही कल्पना १९८४ मध्ये मांडली, तीही बंगळुरू येथे भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत. कल्पना साधी आणि सुंदर आहे. किल्लीचा एकेक बिट एकेका फोटॉनच्या ध्रुवीकरणावर लादून पाठवायचा. मधे कोणी तो फोटॉन पकडून मोजला, तर मोजण्याच्या क्रियेनेच त्याची अवस्था बदलते आणि दोन्ही टोकांना चुकांचे प्रमाण वाढलेले दिसते. चोर आला होता हे कळते, ती किल्ली टाकून दिली जाते आणि नवी घेतली जाते. येथे सुरक्षेचा आधार एखादे गणिती कोडे अवघड आहे हा नसून निसर्गाचा नियम आहे. इतका खोल विचार इतक्या साध्या उपकरणांत उतरलेला क्वचितच पाहायला मिळतो.

परंतु ‘निसर्गाचा नियम’ हे शब्द ज्या मर्यादित विधानाला लागू आहेत, तेथून उचलून ते संपूर्ण यंत्रणेला चिकटवले की फसगत सुरू होते. नियम हमी देतो ती दोन यंत्रांमधल्या वाटेवरील फोटॉनची. वाट किती लांब असावी, वाटेच्या टोकाला कोण बसले आहे, त्याचे यंत्र निर्दोष आहे काय, किल्ली मिळाल्यावर तो तिचे काय करतो, यांपैकी कशाचीही हमी तो देत नाही.

अंतराचा हिशोब बारावीचा विद्यार्थीही करू शकेल. प्रकाशतंतूत दूरसंचारासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रकाशाची घट उत्तम तंतूतही किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल असते. म्हणजे १०० किलोमीटरनंतर शंभरांतील एक फोटॉन उरतो. ५०० किलोमीटरनंतर एक हजार कोटींतील एक. हजार किलोमीटरनंतर हे प्रमाण एकावर वीस शून्ये इतक्यांतील एक होते; सेकंदाला शंभर कोटी फोटॉन सोडणारा स्रोत लावला, तरी एक फोटॉन पलीकडे पोहोचायला सरासरी तीन हजारांहून अधिक वर्षे लागतील. साध्या दूरसंचारात वाटेत प्रवर्धक बसवून संदेश पुन्हा बळकट करतात. येथे ती सोय नाही. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले आहे. ज्या नियमाने चोराला रोखले, तोच नियम प्रवर्धकालाही रोखतो.

संशोधकांनी यावर युक्त्या काढल्या आहेत आणि त्या कौतुकास्पदच आहेत. दोन्ही टोकांहून निघालेला प्रकाश मधोमध भेटविण्याच्या पद्धतीने चिनी संशोधकांनी २०२३ मध्ये हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडला. तेथे किल्लीचा वेग सेकंदाला सुमारे ०.००३४ बिट होता. २५६ बिटांची एक किल्ली मिळवायला त्या गतीने सुमारे एकवीस तास लागतात. उपग्रहातून गुंतलेले फोटॉन पाठवून १,१२० किलोमीटर अंतरावर केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा वेग सेकंदाला ०.१२ बिट होता. शिवाय त्यासाठी आकाश निरभ्र असावे लागते.

मग बीजिंग ते शांघाय अशी दोन हजार किलोमीटरची क्वांटम वाहिनी कशी चालते? तिच्यात वाटेवर बत्तीस नाके आहेत. प्रत्येक टप्प्याची किल्ली वेगळी असते आणि नाक्यावरच्या यंत्रात तिची हाताळणी साध्या, उघड्या बिटांच्या रूपात होते. या नाक्यांना तांत्रिक भाषेत ‘विश्वासू’ म्हणतात. हा शब्द कानाला बरा वाटतो. त्याचा अर्थ एवढाच की त्या खोलीतील यंत्रावर, कुलपावर आणि माणसावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. निसर्गाचा नियम त्या खोलीच्या दाराशी थांबतो आणि आत पहारेकऱ्याचा नियम सुरू होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल या शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रकाशतंतूतून किल्ली पाठवून दाखविली, ती कामगिरी एका टप्प्याची होती. राष्ट्रीय क्वांटम अभियानाचे उद्दिष्ट शहराशहरांमध्ये दोन हजार किलोमीटरचे आहे. क्वांटम स्मृतीवर चालणारे खरे पुनरावर्तक व्यवहारात येईपर्यंत हे अंतर नाक्यांनीच कापावे लागेल.

वेगाचे तसेच आहे. सेकंदाला २४० बिट या गतीने तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र बिटास बिट किल्ली वापरून पाठवायचे म्हटले, तर किल्ली जमवायलाच सुमारे अठ्ठावीस तास लागतील. म्हणून व्यवहारात क्वांटम मार्गाने आलेली छोटी किल्ली नेहमीच्या एईएस पद्धतीला दिली जाते आणि संदेश त्या पद्धतीने कुलूपबंद होतो. त्या क्षणी ‘निसर्गाच्या नियमाची’ हमी संपते. संदेशाची सुरक्षा पुन्हा गणितावर येते, त्याच गणितावर जे आजही प्रत्येक फोनमध्ये फुकट चालते आणि जे तोडण्याचा व्यवहार्य मार्ग कोणालाही सापडलेला नाही.

यंत्रांविषयी बोलायचे तर २०१० मध्येच नॉर्वे व जर्मनीतील संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या क्वांटम किल्लीवितरण यंत्रांचे शोधक तेजस्वी प्रकाशाने ‘आंधळे’ करून, कोणताही सुगावा लागू न देता, पूर्ण किल्ली मिळवता येते हे दाखवून दिले. त्यानंतर यंत्रे सुधारली. पण सिद्धता आदर्श यंत्राची असते आणि हल्ला खऱ्या यंत्रावर होतो, हा धडा कायम राहिला.

सर्वांत मोठी उणीव मात्र याहून मूलभूत आहे. पलीकडे कोण आहे, हे क्वांटम किल्ली सांगत नाही. या पद्धतीत दोन्ही टोकांना एका साध्या मार्गावरूनही बोलावे लागते, आणि त्या बोलण्याची सत्यता आधीच्याच एखाद्या गुप्त किल्लीने किंवा डिजिटल स्वाक्षरीने पडताळावी लागते. ती पडताळणी नसेल, तर मधे बसलेला भामटा दोन्ही बाजूंशी दोन निर्दोष क्वांटम किल्ल्या तयार करील आणि दोघांनाही आपण सुरक्षित असल्याचा अनुभव येईल. ओळख पटविण्याचा प्रश्न क्वांटम पद्धत सोडवीत नाही. तो सुटलेला आहे असे ती गृहीत धरते.

आणि देशातील चोऱ्या नेमक्या याच प्रश्नाच्या जागी होत आहेत.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या खऱ्या यंत्रणेच्या जागी एक बनावट यंत्रणा उत्तरे देऊ लागली. अठ्ठावीस देशांत बनावट कार्डांनी पैसे काढण्यात आले आणि प्रत्येक मागणीला ती ‘मंजूर’ म्हणत राहिली. दोन दिवसांनी सुमारे चौदा कोटी रुपये स्विफ्टच्या मार्गाने हाँगकाँगला गेले. संदेश वाटेत कोणी फोडले नव्हते. ‘हो’ म्हणणारा खोटा होता.

ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाबाबत घातक संगणक-प्रणालीची बातमी आली, तेव्हा प्रथम प्रकल्पाकडून नियंत्रण यंत्रणेवर सायबर हल्ला होणे शक्यच नाही असा खुलासा झाला. दुसऱ्या दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले की प्रशासकीय कामासाठी इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात ती प्रणाली सापडली होती. नियंत्रण यंत्रणा वेगळी होती आणि ती सुरक्षित राहिली, हे महामंडळाचे म्हणणे ग्राह्य धरले, तरी शिरकाव झाला तो कार्यालयातल्या एका सामान्य संगणकातून, हे उरतेच.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले. सुमारे दोन आठवडे देशातील सर्वांत नामांकित रुग्णालयाचे नोंदणीचे, तपासण्यांचे काम कागद-पेनाने चालले. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली होती. सरकारने संसदेत दिलेले कारण एका ओळीचे होते: जाळ्याचे विभाजन योग्य नव्हते. म्हणजे एका खोलीत शिरलेल्याला सगळ्या खोल्या उघड्या होत्या. येथे क्वांटम वाहिनी असती, तर हल्लेखोराची आज्ञाही त्या वाहिनीवरून पूर्ण गोपनीयतेने पोहोचली असती.

सामान्य माणसाच्या पातळीवर चित्र आणखी स्पष्ट आहे. मालमत्तेच्या नोंदणीकृत दस्तांवर अंगठ्याचे ठसे असतात. ते दस्त संकेतस्थळांवर उघडे राहिले, ठशांच्या सिलिकॉनसारख्या पदार्थाच्या नकला झाल्या आणि आधार-आधारित देयक प्रणालीतून गरिबांच्या खात्यांतील रकमा काढल्या गेल्या. पासवर्ड चोरीस गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. ‘डिजिटल अटक’ या नावाने चाललेल्या लुटीत तर कोणतेही कुलूप तोडावे लागत नाही. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, वृद्ध पेन्शनरांना तासन्तास पडद्यासमोर बसवून ठेवतो आणि त्यांच्याच हातांनी त्यांची ठेव मोडायला लावतो. तो व्हिडिओ कॉल टोकापासून टोकापर्यंत उत्तम कूटबद्ध असतो. मधे कोणी ऐकत नसते. चोर टोकालाच बसलेला असतो.

या पाच घटनांपैकी एकही क्वांटम किल्लीने टळली नसती. याला मराठीत जुनी म्हण आहे: आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखविले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक आरएसएसारख्या प्रचलित पद्धती मोडू शकेल. आज पकडून ठेवलेले संदेश उद्या उलगडले जाऊ शकतात, म्हणून संरक्षण, राजनय आणि आरोग्यनोंदी यांचा विचार आजच केला पाहिजे. हा आक्षेप खरा आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे प्रमाण. २०४८ बिटांची आरएसए किल्ली आठवडाभरात फोडायला दहा लाखांहून काही कमी सदोष क्यूबिट लागतील, असा २०२५ मधील एक प्रतिष्ठित अंदाज आहे. २०१९ मध्ये तोच अंदाज दोन कोटींचा होता. भारताच्या अभियानाचे आठ वर्षांचे उद्दिष्ट ५० ते १,००० क्यूबिटांचे आहे. धोका दूर आहे, पण जवळ येत आहे. म्हणून घबराट नको आणि आळसही नको.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या धोक्यावरचे व्यवहार्य उत्तर क्वांटम वाहिनी हे नाही. ते नवे गणित हे आहे. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१६ पासून खुली स्पर्धा चालवून ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही पुरून उरतील अशा पद्धतींची पहिली तीन प्रमाणके प्रसिद्ध केली. त्यांना नवे तंतू लागत नाहीत, नाके लागत नाहीत. त्या आज्ञावली म्हणून आजच्या फोनवर आणि आजच्या सर्व्हरवर चालतात. त्या डिजिटल स्वाक्षरीही देतात, म्हणजे ‘पलीकडे कोण’ या प्रश्नालाही हात घालतात. अमेरिकेच्या एनएसएने राष्ट्रीय सुरक्षेच्या यंत्रणांसाठी क्वांटम किल्लीवितरणाची शिफारस केलेली नाही. ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्राची भूमिकाही तशीच आहे. फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडन येथील सुरक्षा संस्थांनी जानेवारी २०२४ मधील संयुक्त निवेदनात नव्या गणिताकडे वळणे हेच प्राधान्य मानले.

नवे गणितही डोळे झाकून घ्यायचे नसते. त्याच स्पर्धेतील साइक नावाची पद्धत २०२२ मध्ये एका सामान्य संगणकाच्या एकाच गाभ्यावर सुमारे तासाभरात मोडली गेली. पण ती मोडली कोणी? खुल्या परीक्षणाने, प्रमाणक होण्याआधी. हीच विज्ञानाची रीत आहे. ज्या पद्धतीला जाहीर घोषणेपूर्वीच ‘अभेद्य’ ठरवले जाते, तिला या परीक्षेची संधीच मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा घेतला जाईल की उपयोगाच्या तराजूत तोलले, तर मूलभूत संशोधन कधीच होणार नाही. हेही खरे आहे आणि म्हणूनच येथे अभियानाचा निधी कापण्याची मागणी नाही. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेले ६,००३ कोटी रुपये आठ वर्षांसाठी आहेत; नागरिकांनी २०२४ या एका वर्षात गमावलेल्या रकमेच्या हे जवळपास चौथा हिस्सा भरते. त्यातून क्वांटम संवेदक, अणुघड्याळे, नवे पदार्थ, एकेका फोटॉनचे शोधक आणि मुख्य म्हणजे हे सर्व हाताळू शकणारे तरुण तयार होतील. दूरस्थ क्वांटम संगणक एकमेकांना जोडायला उद्या हेच तंत्र लागेल. भौतिकशास्त्राला एवढे कारण पुरेसे आहे. जे कारण खरे आहे ते सोडून खोटे कारण का द्यावे? प्रयोगशाळेतील यश ‘सुरक्षा’ म्हणून विकले की उद्या एखादी बँक, एखादे राज्य सरकार, एखादे रुग्णालय कोट्यवधींची क्वांटम पेटी विकत घेईल, तिचे उद्घाटन होईल, आणि शेजारच्या खोलीत पाच वर्षे अपडेट न झालेला सर्व्हर ‘अॅडमिन’ या पासवर्डवर चालत राहील. ही भीती काल्पनिक नाही. कार्यालयांचे अंदाजपत्रक नव्या खरेदीला सहज पैसे देते, जुन्याच्या देखभालीला देत नाही.

जे खरोखर उपयोगी पडते ते बहुधा नीरस असते. जाळ्याचे विभाजन. जाळ्यापासून तोडून ठेवलेला आणि दर महिन्याला परत उभा करून पाहिलेला बॅकअप. वेळेवर अपडेट. दुसऱ्या माणसाच्या संमतीशिवाय न होणारे मोठे व्यवहार. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘बँक डॉट इन’ हे राखीव नामक्षेत्र दिले. बँकांचे दूरध्वनी १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत अशी व्यवस्था आली. यांत नोबेलयोग्य काही नाही. पण ‘पलीकडे कोण’ या प्रश्नाचे उत्तर सामान्य माणसाला एका नजरेत मिळावे, असा त्यांचा रोख आहे; म्हणून एका आजीच्या दृष्टीने त्या कोणत्याही क्वांटम वाहिनीहून मोलाच्या आहेत. आधारचा ठसा गरज नसताना बंद ठेवण्याची सोयही आहे. ती सुरुवातीपासूनच बंद असावी आणि हवी तेव्हा उघडावी, अशी उलट रचना का नाही, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

याहून मोठी उणीव शिकण्याची आहे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत सर्ट-इनला कळवावी लागते. जनतेला मात्र सविस्तर काही कळवण्याचे बंधन त्या निर्देशांत नाही. विमान पडले की तपास विभाग अंतिम अहवाल प्रसिद्ध करतो आणि जगभरचे वैमानिक तो वाचतात. म्हणूनच विमानप्रवास इतका सुरक्षित झाला. रुग्णालयाचे सर्व्हर पडले, तर दुसऱ्या रुग्णालयातील तंत्रज्ञाने शिकावे कशावरून? मोठ्या सार्वजनिक संस्थांवरील हल्ल्यांचे तांत्रिक अहवाल ठराविक मुदतीनंतर प्रसिद्ध करण्याचा नियम झाला, तर त्याला पैसा लागत नाही, फक्त लाज बाजूला ठेवावी लागते.

विद्यार्थ्यांनी आणि विज्ञानवाचकांनी यापुढे ‘अभेद्य’ हा शब्द दिसला की चार प्रश्न विचारावेत. अंतर किती आणि वेग किती? वाटेत किती नाके, आणि त्यांवर ताबा कोणाचा? दोन्ही टोकांची ओळख कशाने पटवली? आणि गेल्या पाच वर्षांत झालेल्या कोणत्या चोरीला यामुळे पायबंद बसला असता? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे संशोधकांकडे असतात आणि ते ती आपल्या शोधनिबंधांत प्रामाणिकपणे देतात. बातमीपर्यंत पोहोचताना ती गळतात. चौथ्याचे उत्तर घोषणा करणाऱ्यांनी द्यायचे आहे. ते मिळेपर्यंत फोटॉनचे कौतुक करावे, आणि कार्यालयातला सर्व्हर शेवटचा कधी अपडेट झाला, हेही त्याच दिवशी विचारून घ्यावे.